हॉस्टेलची दिवाळी आणि पंक्तीचा प्रश्न

तुम्ही कधी हॉस्टेलला राहिला असाल, तर दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचे दोन-तीन दिवस तुम्हाला आठवत असतील. एकेक जण गावाहून परत येतो, बॅग कोपऱ्यात टाकतो आणि आधी डबा काढतो. कॉटवर जुनं वर्तमानपत्र अंथरलं जातं. कुणाच्या आईच्या चकल्या, कुणाच्या आजीचे अनारसे, कुणाकडचा तिखटजाळ चिवडा, सगळं एकाच कागदावर. अर्ध्या तासात तेलाचे डाग तेवढे उरतात. कुणाचा लाडू कुणी खाल्ला याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

मी महाराष्ट्रातल्या विद्यार्थी वसतिगृहांच्या इतिहासावर पीएचडी करतेय. हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "हॉस्टेलवर पीएचडी? त्यात काय शोधणार?" आजची पोस्ट म्हणजे त्या प्रश्नाचं थोडं लांबलेलं उत्तर आहे.

थोडक्यात सांगायचं तर असं. त्या वर्तमानपत्रावर मांडलेल्या फराळामागे सव्वाशे वर्षांची भांडणं आहेत. इतिहास म्हटलं की आपण फी, शिष्यवृत्त्या, शाळांची संख्या असल्या गोष्टी बघतो. पण गावाकडून शहरात शिकायला आलेल्या पोरापुढचा पहिला प्रश्न असायचा, "जेवायचं कुठे?" आणि सणाच्या दिवशी तोच प्रश्न जास्त टोचायचा, कारण सण म्हणजे जेवण आणि जेवण म्हणजे पंक्ती. म्हणून कुठल्याही जुन्या वसतिगृहाबद्दल वाचताना मी तीन गोष्टी शोधते. रांधलं कुणी? वाढलं कुणी? आणि शेजारी बसलं कोण?

चला, जरा मागे जाऊ.

हॉस्टेलच्या आधी: वार आणि माधुकरी

एकोणिसाव्या शतकातलं पुणं डोळ्यासमोर आणा. कोकणातून किंवा घाटावरच्या एखाद्या खेड्यातून मुलगा इंग्रजी शाळेत शिकायला येतो. झोपायला कुणा नातेवाइकाची ओसरी किंवा देवळाचा ओटा मिळतो. जेवणाचं काय? त्याची सोय दोन प्रकारे व्हायची. एक म्हणजे वार लावून जेवणं. सात घरं ठरवायची, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. दुसरी म्हणजे माधुकरी. झोळी घेऊन ठरावीक घरांसमोर उभं राहायचं, मिळेल ते एकत्र करून खायचं.

आजच्या भाषेत बोलायचं तर ही मेसची सोय होती, फक्त ती सात स्वयंपाकघरांत विखुरलेली. सणाचं गोडधोड मिळायचं ते ज्या घरी त्या दिवसाचा वार असेल त्या घरी, आणि तेही पाहुणा म्हणून. घरच्या मुलांच्या पानात काय पडतं आणि आपल्या पानात काय, हे वाराच्या पोराला न सांगता कळायचं. या व्यवस्थेतून शिकलेले कितीतरी लोक पुढे मोठे झाले. तिला सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघालं (आजचं पुणे विद्यार्थी गृह), ते गरीब मुलांची हीच अडचण ओळखून.

पण या व्यवस्थेला एक अट होती, आणि ती इतकी उघड होती की कुणी ती लिहूनही ठेवली नाही. वार लागायचा तो ब्राह्मण मुलाचा, ब्राह्मण घरात. मराठा, माळी, जैन, मुसलमान, महार, चांभार घरातल्या मुलासाठी शहरात असं सात घरांचं जाळं नव्हतं. फी माफ झाली तरी तो शिकू शकत नव्हता, कारण संध्याकाळी कुठल्या दारात उभं राहायचं, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

बरं, जेवणाचा हा प्रश्न किती नाजूक होता याचा एक पुरावा बघा. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांना चहा-बिस्किटं देण्यात आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं जाहीर केली आणि शहरात गदारोळ उठला. ख्रिस्ती मिशनरींच्या हातचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि शेवटी रानडे, टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. हायकोर्टाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोचणाऱ्या माणसाला एक कप चहा एवढा महाग पडत असेल, तर पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याला परजातीच्या मुलाशेजारी बसून लाडू खाणं किती महाग पडलं असतं, याचा अंदाज करा.

कोल्हापूर: जितक्या जाती तितकी स्वयंपाकघरं

आता कोल्हापूरला येऊ. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात वसतिगृहं काढली हे आपण शाळेत शिकतो. त्यात एक बारकावा आहे, तो पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही.

महाराजांचा पहिला प्रयत्न सगळ्यांसाठी एकच वसतिगृह, असा होता. १८९६ साली राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी असं वसतिगृह निघालं. कागदावर ते सर्व जातींना खुलं होतं. प्रत्यक्षात कारभार ब्राह्मणांच्या हाती राहिला आणि बाकीच्या जातींची मुलं तिथे टिकली नाहीत. दार उघडं ठेवलं म्हणून आतली पंक्ती आपोआप बदलत नाही, हे तेव्हाच दिसलं.

मग महाराजांनी वेगळी वाट धरली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग. तिथल्या शिक्षणसंस्थेचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. पुढे लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती, ढोर-चांभार अशी यादी वाढत गेली आणि कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणायला सुरुवात झाली.

तुम्ही म्हणाल, जातीजातीची वेगळी वसतिगृहं काढून जात कशी मोडणार? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आजही विचारला जातो, आणि तो रास्त आहे. पण जेवणाच्या बाजूने बघितलं तर महाराजांचा हिशेब कळतो. वेगळं बोर्डिंग म्हणजे वेगळं स्वयंपाकघर. वेगळं स्वयंपाकघर असलं की त्या जातीचे लोक वर्गणी देतात, जमीन देतात, धान्य देतात आणि मुख्य म्हणजे आपला मुलगा पाठवतात. आईला खात्री असते की पोरगं "बाटणार" नाही. अशा खात्रीच्या जोरावर एक अख्खी पिढी शाळेत पोचली. सणाच्या दिवशी या बोर्डिंगमध्ये पहिल्यांदाच असं घडत होतं की खेड्यातला मुलगा शहरात कुणाचा पाहुणा नव्हता. मुस्लिम बोर्डिंगमध्ये ईद आणि मराठा बोर्डिंगमध्ये दसरा हा त्या त्या मुलांचा हक्काचा सण होता. वाराच्या पोराला हे सुख नव्हतं.

किंमतही होतीच. सण आपल्या-आपल्या बोर्डिंगमध्ये साजरा झाला. शाळेच्या बाकावर शेजारी बसणारी दोन मुलं जेवणाची घंटा झाली की दोन वेगळ्या दारांनी आत जात.

न केलेल्या आंघोळीची गोष्ट

या व्यवस्थेला पहिला धक्का कुणी दिला? एका विद्यार्थ्याने.

कुंभोजचा भाऊराव पाटील नावाचा मुलगा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला. तसं बघितलं तर साधी गोष्ट, नवं वसतिगृह निघालंय, बघायला गेला. पण परत आल्यावर बोर्डिंगचा नियम आडवा आला. अस्पृश्यांच्या वस्तीतून आलास, आंघोळ कर आणि मगच जेवायला बस. भाऊरावांनी आंघोळ करायला नकार दिला. हे पाणी अंगावर घेतलं तर जे बघून आलो ते अपवित्र होतं असं कबूल केल्यासारखं होईल, असा त्या नकाराचा सरळ अर्थ होता. त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे काही काळ ते शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले.

कर्मवीरांच्या चरित्रांमधून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो आणि बहुतेक वेळा तो "बंडखोर स्वभाव" या मथळ्याखाली येतो. मला त्यात स्वभावापेक्षा जागा महत्त्वाची वाटते. भांडण वर्गात झालं नाही, देवळात झालं नाही. ते झालं जेवणघराच्या दाराशी. एका तरुण मुलाला तिथे कळलं की वसतिगृहाची खरी परीक्षा पानावर बसताना होते. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत त्यांनी जे उभं केलं, त्याचं बी इथे पडलं असं मला वाटतं.

मध्येच एक फेरी: लंडन, न्यूयॉर्क आणि बडोदा

साताऱ्याला जाण्याआधी थोडं बाहेर जाऊन येऊ. कारण याच वर्षांत काही भारतीय विद्यार्थी परदेशात शिकत होते आणि सणावाराला एकत्र जेवत होते. तिथे पंक्तीचं काय झालं, हे बघण्यासारखं आहे.

लंडनच्या हायगेट भागात श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १९०५ मध्ये इंडिया हाऊस सुरू केलं. क्रांतिकारकांचा अड्डा म्हणून आपण ते ओळखतो, पण मुळात ते भारतीय विद्यार्थ्यांचं वसतिगृह होतं. विनायक सावरकर तिथेच राहायचे. जुलै १९०९ मध्ये कर्झन वायली यांच्या हत्येनंतर ते बंद पडलं. तरीही त्या वर्षी लंडनमधल्या भारतीयांनी दसऱ्याचं जेवण ठरवलं. तारीख २४ ऑक्टोबर १९०९. अध्यक्ष म्हणून बोलावलं होतं दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या गांधींना. जेवण शाकाहारी हवं आणि वादाचं राजकारण बोलायचं नाही, या त्यांच्या अटी. टी. एस. एस. राजन यांनी आठवणीत सांगितलं आहे की स्वयंपाकाची तयारी चालू असताना एक किरकोळ अंगाचा माणूस येऊन भाजी निवडायला, भांडी धुवायला लागला आणि हेच आजचे अध्यक्ष आहेत हे मुलांना नंतर कळलं. त्या संध्याकाळी गांधी बोलले, सावरकरही बोलले. दोघांचे मार्ग किती वेगळे झाले ते आपल्याला माहीत आहे. माझ्या तीन प्रश्नांपुरतं बघायचं तर मद्रासचा, महाराष्ट्राचा, गुजरातचा माणूस एकाच स्वयंपाकघरात काम करत होता. जात कुणी विचारायची, हा प्रश्नच तिथे उठला नाही.

चार वर्षांनी, १९१३ मध्ये, भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. सुरुवातीचे काही दिवस ते हार्टली हॉल या विद्यार्थ्यांच्या डॉर्ममध्ये राहिले. तिथलं जेवण त्यांना रुचलं नाही. पुढे ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहायला गेले आणि तिथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची दोस्ती जमली, ती जन्मभर टिकली. हॉस्टेलमधल्या मैत्रीचं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. पुढे बाबासाहेबांना पैशांची अडचण आली तेव्हा याच नवलने मदत केली.

आता १९१७ मधलं बडोदा. परदेशी पदव्या घेऊन बाबासाहेब नोकरीवर रुजू व्हायला आले आणि स्टेशनवर पहिला प्रश्न पडला: राहायचं कुठे, जेवायचं कुठे? गावात हिंदूंच्या विशी होत्या, म्हणजे खाणावळी, पण तिथे जात लपवून जावं लागलं असतं. शेवटी त्यांनी पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत खोली घेतली. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी दाराशी उभे राहिले आणि त्यांना जागा सोडावी लागली. शहरातल्या दोन मित्रांना त्यांनी विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही अडचणी सांगून टाळलं. रात्रीची गाडी येईपर्यंत ते बागेत बसून राहिले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याची जाणीवच पुसली गेली होती, असंही ते तिथे सांगतात.

न्यूयॉर्कमधला पारशी मित्र आणि बडोद्यातले पारशी, दोघांचा धर्म एकच. फरक होता तो जागेचा आणि तिथल्या नियमांचा. डॉर्ममध्ये खोली नावावर मिळते, पैसे भरले की ताटही मिळतं. धर्मशाळेत आधी "तू कोण" हे सिद्ध करावं लागतं. म्हणजे चांगली माणसं एकत्र आली की सगळं ठीक होतं, असं नसतं. ती जिथे एकत्र येतात त्या जागेची रचनाही तशी असावी लागते. १९२५ च्या जानेवारीत बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. सभेच्या सुरुवातीच्या कामांतच वसतिगृह का आलं, हे बडोद्याची हकीकत वाचल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

सातारा: एकच चूल

आंघोळ नाकारलेले भाऊराव आता मोठे झाले होते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांनी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. कोल्हापूरच्या बोर्डिंगांपेक्षा यात एकच फरक होता, पण तो फार मोठा होता. इथे सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहणार होती आणि एकाच चुलीवरचं खाणार होती. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाचं "श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस" असं नामकरण झालं. नाव त्यांचंच, ज्यांनी आधी जातवार बोर्डिंगं काढली होती! मला यात विसंगती दिसत नाही. आधीच्या पिढीने मुलांना शहरात आणलं, पुढच्या पिढीने त्यांना एका पंक्तीत बसवलं.

हे बसवणं भाषणाने झालं नाही. कामं मुलांनीच करायची, असा तिथला शिरस्ता होता. शेतात राबायचं, पाणी भरायचं, स्वयंपाकाला हात लावायचा. म्हणजे माझ्या तीन प्रश्नांतल्या पहिल्या दोघांची उत्तरं आधी बदलली. रांधणारे आणि वाढणारे हात सगळ्या जातींचे झाले, तेव्हा शेजारी कोण बसलंय हा तिसरा प्रश्न हळूहळू बोथट झाला. भात ज्याने शिजवला त्याच्याच शेजारी बसून खायला नकार देणार कसा?

आणि या सगळ्याच्या मध्ये होत्या लक्ष्मीबाई. भाऊरावांच्या पत्नी, सोवळं-ओवळं पाळणाऱ्या जैन घरात वाढलेल्या. त्यांच्यासाठी ही उडी भाऊरावांपेक्षा मोठी होती, कारण नवऱ्याचं तत्त्व बाहेर भाषणात असतं आणि बायकोचं तत्त्व रोज संध्याकाळी चुलीसमोर तपासलं जातं. त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांना पोटच्या मुलांसारखं वाढवलं. वसतिगृहासाठी एकेक दागिना मोडला. एकदा घरात धान्य उरलं नाही, भाऊराव बाहेरगावी, तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही दिलं आणि मुलांची पोटं भरली. १९३० मध्ये त्या गेल्या. रयतमध्ये आजही त्यांना रयतमाउली म्हणतात.

सणाच्या दिवशी बाई अंगावर दागिने घालते. या बाईंच्या सणाला घालायला काय उरलं असेल, याचा विचार मी तरी नेहमी करते. वसतिगृहांच्या इतिहासात संस्थापकांची चरित्रं असतात, इमारतींचे फोटो असतात, पण ज्यांच्या हातांनी त्या मुलांचे सण झाले त्यांची नावं फार क्वचित सापडतात. लक्ष्मीबाईंचं नाव राहिलं, हा अपवाद आहे.

मुलींच्या वसतिगृहातला सण

आतापर्यंत सगळी मुलांचीच गोष्ट झाली. मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी एका वळणाने येतो.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला झोपडीत गेला. तिथे राहणाऱ्या बहुतेक जणी बालविधवा. म्हणजे अशा मुली, ज्यांना घरातल्या सणांत जागाच नव्हती. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, मंगलकार्यात पुढे यायचं नाही, गोडाधोडावर बंधनं. सुट्टी लागली की घरी जाऊन सण करावा, असं त्यांना वाटलं असेल का? घर म्हणजेच जिथे आपल्याला वगळलं जातं ती जागा. त्यांच्यासाठी वसतिगृहात मैत्रिणींबरोबर काढलेला सणाचा दिवस घरच्या सणाची नक्कल नव्हता. तिथे तो पहिल्यांदाच त्यांचा होता. अर्थात हेही नमूद करायला हवं की सुरुवातीची कित्येक वर्षं हा आश्रम मुख्यतः ब्राह्मण विधवांचाच होता. म्हणजे माझा तिसरा प्रश्न तिथेही पूर्ण सुटला नव्हता.

पण हिंगण्याने सणाला एक नवीच कल्पना जोडली: भाऊबीज निधी. दिवाळीत स्वयंसेवक घरोघरी जाऊन छोट्या छोट्या रकमा गोळा करतात. भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो, तशी समाजाने या बहिणींना ओवाळणी घालायची. यातली युक्ती लक्षात घ्या. ज्यांना कुणी ओवाळायलाही बोलावत नव्हतं, त्यांना या निधीने सणातलं एक मानाचं नातं मिळवून दिलं. ही देणगी मागणारी बाई बहिणीच्या हक्काने मागते. माधुकरीची झोळी आणि भाऊबीजेचं ताट, दोन्हींत दारोदार जाणं आहे, पण दारात उभं राहण्याची पद्धत किती बदलली बघा.

हे सगळं आज कशाला?

कारण पंक्तीचा प्रश्न संपलेला नाही, त्याने कपडे बदललेत.

२०१८ मध्ये राज्याच्या आदिवासी विकास विभागाने शासकीय वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात टाकायचं ठरवलं. ऐकायला सोयीचं वाटतं, ज्याला जे हवं ते त्याने खावं. पण त्या वर्षी जुलैमध्ये आदिवासी विद्यार्थी या निर्णयाविरुद्ध पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. पैसे वेळेवर येत नाहीत, तेवढ्यात शहरात दोन वेळचं जेवण भागत नाही, ही त्यांची तक्रार होतीच. मी त्याला आणखी एक गोष्ट जोडेन. मेस गेली की एकत्र जेवायची जागा जाते. मग सणाच्या दिवशी चाळीस मुलांची पंक्ती बसत नाही. चाळीस मुलं चाळीस ठिकाणी वडापाव खातात. वाराच्या दिवसांत जेवण सात घरांत विखुरलेलं होतं, ते एका छपराखाली आणायला पन्नास वर्षं लागली. ते पुन्हा विखुरताना आपण काय मोडतोय, याचा विचार व्हायला हवा.

२०२३ मध्ये मुंबईतल्या एका नामांकित संस्थेच्या मेसमध्ये काही टेबलं फक्त शाकाहारी जेवणाऱ्यांसाठी राखून ठेवण्यावरून वाद झाला. काय खावं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, त्यात मला पडायचं नाही. लंडनमधलं दसऱ्याचं जेवणही शाकाहारीच होतं, पण ते सगळ्यांसाठी एकच होतं आणि सगळे एकत्र बसले होते. पानात काय आहे आणि शेजारी कोण बसू शकतं, हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला आपण शिकलो होतो. ते पुन्हा एक झाले की १९०८ मधल्या जेवणघराचं दार आठवतं.

इतिहास लिहिताना मला एक अडचण रोज जाणवते. वसतिगृहांच्या अहवालांत संस्थापकांची नावं, देणगीदारांची यादी, परीक्षांचे निकाल असतात. सणाच्या दिवशी कोण घरी गेलं नाही, कुणी कुणाला फराळातला वाटा दिला, कोण बाजूला बसलं, हे तिथे नसतं. ते असतं तुमच्या आजोबांच्या, मावशीच्या, गावच्या मास्तरांच्या आठवणीत. म्हणून एक विनंती करते. तुमच्या घरात कुणी १९५० ते १९८० च्या दरम्यान बोर्डिंगला राहिलं असेल, तर यंदाच्या दिवाळीत त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "तुमच्या बोर्डिंगात सणाला जेवण कोण करायचं? वाढायचं कोण? आणि तुम्ही कुणाशेजारी बसायचात?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पटकन मिळतील. तिसऱ्याला बहुतेक जण थोडं थांबतात. घाई करू नका, त्यांना बोलू द्या आणि जमलं तर लिहून ठेवा.